हातातले पुस्तक आणि वर्षाची यादी

वाचणारी माणसे एकत्र आली की एक प्रश्न हमखास निघतो: सध्या काय वाचताय? वर्ष सरत आले की त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसतो: यंदा काय काय वाचलेत? दोन्हींची उत्तरे पुस्तकांच्या नावांनीच द्यायची असल्यामुळे दुसरा प्रश्न म्हणजे पहिल्याची बारा महिन्यांची बेरीज, असा समज सहज होतो आणि मग एकाच्या उत्तराला लागू पडणारे नियम दुसऱ्याला लावले जातात. कोणी ‘सध्या हे हातात आहे’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा ती शिफारस समजतो. कोणी वर्षाची संपूर्ण यादी पुढे ठेवली, तर तिच्यातले प्रत्येक नाव यादीकर्त्याच्या पसंतीचे आहे असे धरून चालतो. प्रत्यक्षात या दोन नोंदी वेगळ्या वेळी, वेगळ्या माहितीच्या आधारे आणि वेगळ्या हेतूने झालेल्या असतात.

हातातल्या पुस्तकाविषयी बोलणारा वाचक त्या पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी उभा असतो. शेवट त्याला ठाऊक नसतो, लेखकाने सुरुवातीला पेरलेल्या गोष्टींचे पुढे काय होणार हे त्याला सांगता येत नाही आणि म्हणून त्याचे मतही कच्चे असते. हा कच्चेपणा हेच त्या बोलण्याचे मोल आहे. पुस्तक संपल्यावर वाचक सहसा निकाल सांगतो. संपण्यापूर्वी मात्र तो शंका सांगतो, अंदाज बांधतो, एखाद्या पात्राचा राग करतो, एखादे प्रकरण कंटाळवाणे झाल्याची तक्रार करतो. शेवट कळल्यावर हे सारे अंदाज पुसले जातात आणि आपण असे काही समजत होतो हेही पुष्कळदा आठवत नाही. त्यामुळे चालू वाचनाची नोंद नंतर पुन्हा करता येत नाही. ती त्या त्या वेळीच करावी लागते.

ही नोंद सांगण्याची एक पद्धत आहे, आणि ती पाळली तर समोरच्याला पुष्कळ कळते. ‘दोनशे चाळिसाव्या पानावर आहे’ या वाक्याचा ऐकणाऱ्याला फारसा उपयोग नसतो, कारण एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत पाने निराळी पडतात. पुस्तक ओळखण्यासाठीचा आयएसबीएन हा क्रमांकदेखील पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला आणि कापडी बांधणी, कागदी बांधणी अशा प्रत्येक रूपाला स्वतंत्र दिला जातो, यावरून एका शीर्षकाखाली किती वेगवेगळ्या वस्तू नांदतात याची कल्पना यावी. ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की पडद्यावरच्या पानांची मांडणी बदलते, आणि ऐकण्याच्या पुस्तकाला तर पानेच नसतात. म्हणून प्रकरण सांगावे, किंवा ‘साधारण निम्मे झाले’ असे म्हणावे. अनुवाद वाचत असाल तर अनुवादकाचे नावही सांगावे. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद वाचलेल्या दोन माणसांचे भाषेविषयीचे मत जुळले नाही, तर दोष कोणा एकाच्या रसिकतेचा असेलच असे नाही.

ऐकणाऱ्यावरही येथे एक जबाबदारी येते. समोरचा माणूस अजून वाचतो आहे, हे विसरून शेवटाकडे सूचक बोट दाखवणारे पुष्कळ असतात. ‘थांबा, पुढे बघा काय होते ते’ हे वाक्य निरुपद्रवी वाटले तरी पुढे काहीतरी होणार आहे एवढे ते सांगूनच टाकते. चालू वाचनाला योग्य प्रतिसाद हा प्रश्नाच्या रूपातच असावा: हे पुस्तक हातात कसे आले, अमुक निवेदक विश्वासार्ह वाटतो का, मध्येच सोडावेसे वाटले का. शेवटचा प्रश्न सर्वांत चांगला, कारण त्याचे उत्तर नम्रतेखातर सहसा कोणी आपणहून देत नाही.

वर्षाची यादी हे वेगळे प्रकरण आहे. तिच्यात प्रवेश मिळण्याची साधारण अट पुस्तक संपणे ही असते. सुरू कधी केले याला तेथे किंमत नाही. मार्चमध्ये उघडलेले आणि नोव्हेंबरमध्ये मिटलेले पुस्तक नोव्हेंबरच्या रकान्यात जाते. गुडरीड्स या वाचननोंदींच्या संकेतस्थळावर 2011 पासून वार्षिक वाचनाचे आव्हान घेता येते, तेथेही पुस्तक त्या वर्षात धरले जाते ते वाचून झाल्याच्या तारखेवरून. म्हणजे यादी हा पूर्ण झालेल्या गोष्टींचा हिशेब असतो, आणि प्रत्येक हिशेबाप्रमाणे त्यात काय धरायचे व काय वगळायचे हे आधी ठरवावे लागते.

गोंधळ होतो तो येथेच, कारण ‘वर्षाची यादी’ या एकाच नावाखाली निदान तीन निरनिराळे कागद फिरत असतात. पहिली, वाचून संपवलेल्या सर्व पुस्तकांची यादी. दुसरी, त्यांपैकी आवडलेल्यांची. तिसरी, जानेवारीत केलेली, पुढे वाचायच्या पुस्तकांची. तिच्याविषयी एवढेच म्हणता येईल की ती इच्छेची नोंद आहे आणि तिला वाचनयादी म्हणणे हा स्वतःवर दाखवलेला औदार्यपूर्ण विश्वास आहे. चार्ल्स डार्विनने 1838 ते 1860 या काळात आपल्या वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या, आणि त्यांत वाचायची पुस्तके व वाचलेली पुस्तके यांच्या याद्या त्याने स्वतंत्र ठेवल्या. गायक आर्ट गारफंकेल यांनी 1968 पासून वाचलेल्या पुस्तकांची यादी कालक्रमाने ठेवली आणि ती सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. ती पहिल्या प्रकारची, संपूर्ण यादी आहे. बराक ओबामा दर वर्षाअखेरीस जी नावे जाहीर करतात ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे निवडीची. या दोन्हींना लोक सरसकट वाचनयादी म्हणतात. परंतु ओबामांच्या यादीत नसलेल्या पुस्तकाविषयी काहीच अनुमान काढता येत नाही, तर गारफंकेल यांच्या यादीत असलेल्या पुस्तकाविषयी, ते वाचले गेले, यापलीकडे काही म्हणता येत नाही.

याला जोडून आणखी एक घोटाळा नेहमीचा आहे. वर्तमानपत्रे आणि नियतकालिके डिसेंबरात ‘वर्षातील उत्तम पुस्तके’ निवडतात, तेव्हा ती सहसा त्या वर्षी प्रसिद्ध झालेली पुस्तके असतात. वाचकाच्या वार्षिक यादीला प्रकाशनवर्षाशी काही देणेघेणे नसते. तिच्यात शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आणि गेल्या महिन्यात छापलेले पुस्तक शेजारी शेजारी बसतात. स्वतःची यादी दुसऱ्यापुढे ठेवताना ‘यंदाची उत्तम पुस्तके’ असे शीर्षक दिले, तर ऐकणारा नवीन पुस्तकांच्या शोधात असेल आणि त्याची निराशा होईल. ‘यंदा वाचलेली’ आणि ‘यंदा आलेली’ हा फरक शीर्षकातच स्पष्ट करावा.

आकड्याचा प्रश्न जास्त अवघड आहे. चालू वाचनाला आकडा नसतो. हातात एक पुस्तक असो वा चार, त्याने कोणाचा हुद्दा वाढत नाही. यादीला मात्र शेवटी एक संख्या चिकटते आणि ती संख्या पुस्तकांना एकाच मापाने मोजते. ऐंशी पानांची दीर्घकथा म्हणजे एक, आणि नऊशे पानांचा इतिहासग्रंथ म्हणजेही एकच. वर्षाच्या आरंभी पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडलेला माणूस डिसेंबरात एकाएकी सडपातळ पुस्तकांच्या प्रेमात पडतो, याचे कारण रसिकतेत शोधण्याची गरज नाही. वाचन नोंदवण्याच्या स्टोरीग्राफसारख्या सेवेत पुस्तकांच्या संख्येऐवजी पानांचे किंवा ऐकण्याच्या तासांचे लक्ष्य ठेवता येते. त्याने हा अन्याय थोडा कमी होतो, पण संपत नाही, कारण कवितासंग्रहाचे एक पान आणि रहस्यकथेचे एक पान यांना लागणारा वेळ सारखा नसतो. मला विचाराल तर संख्या यादीच्या मालकाने स्वतःपुरती ठेवावी. इतरांना सांगताना ती पुढे आली की गप्पा पुस्तकांवरून घसरून वेगावर जातात, आणि ज्याने वर्षभरात सहाच पुस्तके पण कसून वाचली तो उगाचच गप्प बसतो.

आता त्या पुस्तकांकडे वळू, जी या दोन्ही नोंदींच्या मधल्या फटीतून खाली पडतात. अर्धवट सोडलेले पुस्तक चालू वाचनात काही काळ असते. मग त्याचा उल्लेख विरळ होतो, आणि संपले नसल्यामुळे वर्षाच्या यादीतही ते येत नाही. परिणामी यादीतला वाचक वास्तवातल्या वाचकापेक्षा चिकाटीचा दिसतो. यात खोटे काही नाही, तरीही चित्र अपुरे राहते, आणि पुस्तकमित्रांचे यात नुकसान आहे. एखाद्या जाणकार वाचकाने कोणते पुस्तक कुठे आणि का खाली ठेवले ही माहिती त्याच्या आवडत्या दहा नावांइतकीच, कधी कधी त्याहून अधिक उपयोगाची असते. पुस्तक वाईट होते म्हणून सोडले, की विषयाची पूर्वतयारी कमी पडली म्हणून, की घरात आजारपण होते आणि त्या दिवसांत ते झेपले नाही म्हणून, या तीन कारणांतून ऐकणाऱ्याने तीन वेगळे बोध घ्यायचे असतात. पुस्तकांचे कप्पे ठरवताना पूर्वीपासून वाचायचे, वाचत असलेले आणि वाचून झालेले असे तीनच सोयीचे मानले गेले. सोडलेल्यांसाठी चौथा कप्पा मागून आला; स्टोरीग्राफमध्ये तो स्वतंत्रपणे आहे. वहीत यादी ठेवणाऱ्याने तो आजच आखावा.

पुनर्वाचनाचे उलट होते. वीस वर्षांनी पुन्हा हाती घेतलेले पुस्तक चालू वाचनाच्या गप्पांत फार रंगते, कारण तेथे दोन वयांतील वाचकांची भेट होत असते. यादीत मात्र ते धरावे की धरू नये याची मालकालाच लाज वाटते, जणू ती फसवणूक आहे. धरावे, आणि पुढे ‘पुन्हा’ एवढा शब्द लिहावा.

दोन्ही नोंदींचा परस्परसंबंध स्मरणशक्तीशी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये विस्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगट पाठ करून त्यांनी ते स्वतःवरच केले होते, आणि विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते व पुढे मंदावत जाते असे त्यांना दिसले. कादंबरी म्हणजे अर्थहीन अक्षरगट नव्हेत, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा पुस्तकांना लावता येणार नाही. तरीही डिसेंबरात बसून निव्वळ आठवणीवर यादी करणाऱ्याला फेब्रुवारीतल्या पुस्तकांची नावे चाचपडावी लागतात, हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे. अशा यादीत शरदातली पुस्तके उजळून दिसतात आणि वर्षारंभीची पुस्तके मलूल होतात, आणि मग निवड दर्जाची झाली की ताजेपणाची, हे कळत नाही. ज्याने वर्षभर चालू वाचनाविषयी दोन-दोन ओळी लिहून ठेवल्या असतील त्याची यादी म्हणूनच अधिक भरवशाची असते.

येथे एक मोह टाळावा लागतो. जुलैमध्ये एखाद्या पुस्तकाविषयी आपण भारावून बोललेलो असतो आणि डिसेंबरात ते फारसे आठवतही नाही. तेव्हा जुलैची ओळ पुसून डिसेंबरचे मत तिच्या जागी बसवावेसे वाटते. ती ओळ तशीच राहू द्यावी. वाचताना रंगवणारी पण मनात न टिकणारी पुस्तके असतात, आणि वाचताना छळणारी पण महिनोन्महिने पाठ न सोडणारीही असतात; दोन्ही तारखांची मते शेजारी असली तरच हा भेद मित्रांना दिसतो.

दुसऱ्याची यादी वाचताना नजर एकेका नावावर न ठेवता पूर्ण रांगेवर ठेवावी. कोणता लेखक दोनदा आला, अनुवाद किती, कविता मुळीच नाही का, एका विषयाची चार पुस्तके सलग आहेत का, कोणत्या महिन्यात काहीच नाही. चालू वाचनाच्या गप्पांतून पुस्तकाची ओळख होते. यादीतून ओळख होते ती वाचकाची. म्हणून पुस्तक निवडायचे असेल तर यादीतले पहिले नाव उचलण्यापेक्षा, ज्याची रांग आपल्या रांगेशी काही ठिकाणी जुळते आणि काही ठिकाणी हटकून वेगळी जाते असा माणूस शोधावा, आणि मग त्याला यादीतल्या एका पुस्तकाविषयी नेमके विचारावे. यादीपुढे ‘छान!’ एवढेच म्हणून थांबणे सभ्यपणाचे असले तरी त्याने कोणालाच काही मिळत नाही.

राहता राहिले 31 डिसेंबरला हातात असलेले पुस्तक. त्याला यंदाच्या यादीत कोंबण्यासाठी शेवटची दीडशे पाने रात्रीतून उरकणारे लोक आहेत. त्यांच्या यादीत एक नाव वाढते आणि पुस्तकाच्या शेवटावर अन्याय होतो. सरळ मार्ग असा की यादीखाली एक रेघ ओढावी, ‘चालू’ असे लिहावे, पुस्तकाचे नाव, पोहोचलेले प्रकरण आणि तोवरचे मत एका वाक्यात नोंदवावे. मोजणीत ते पुढच्या वर्षी, संपेल त्या महिन्यात येईल.