जुन्या वेली गुलाबाचं नाव हवंय? मग नुसत्या फुलाचा फोटो नको

दर फेब्रुवारी-मार्चला आमच्या नर्सरीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या घोसांचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ, "दादा, ही व्हरायटी कोणती?" कुणाच्या देवळालीतल्या जुन्या बंगल्याचं कंपाउंड, कुणाच्या पंचवटीतल्या वाड्याचं परसदार, वेल सासूबाईंच्या वेळची. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे, तिथे अजून असे वेल जपलेत हे बघून खरंच बरं वाटतं. पण नुसत्या फुलावरून नाव सांगता येत नाही, आणि मग पानाचा फोटो पाठवा, बुंध्याचा पाठवा करण्यात तुमचा-आमचा आठवडा जातो.

लाल घोसाच्या दोन जुन्या जातींचंच बघा. क्रिमसन रॅम्बलर जपानमधून आलेला, इंग्लंडात १८९३ ला विकायला आला, आणि एक्सेल्सा त्याच्यानंतरचा. फोटोत दोघं सारखेच दिसतात. फरक कळतो तो पानावरून. देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पट्टी असते, तिची कड कंगव्याच्या दातांसारखी झिरमिळी असेल आणि पान बिनचमकीचं असेल तर मल्टीफ्लोरा या रानगुलाबाचं घराणं, म्हणजे क्रिमसन रॅम्बलरकडचं. पान बारीक, तेल लावल्यासारखं चकचकीत असेल तर एक्सेल्साकडचं.

मागच्या वर्षी एक काकू डब्यात ओल्या रुमालात फूल घेऊन आल्या, गुलाबी होतं, घरून निघून इथे येईपर्यंत पाकळ्या गळून गेल्या. पण रुमालाला एक पान चिकटून आलं होतं, छोटंसं, चकचकीत. त्यावरून डोरोथी पर्किन्सचा (एक्सेल्साच्याच घराण्यातला गुलाबी, १९०१ चा) अंदाज बांधला आणि नंतर घरी जाऊन वेल बघितल्यावर तोच निघाला.

कधीकधी उत्तर ऐकून वाईट वाटतं. कलम मल्टीफ्लोराच्या खुंटावर बांधलेलं असेल तर कधीकधी वरचा डोळा, म्हणजे बांधलेली मूळ जात, कधीच मरून गेलेला असतो आणि भिंतीवर चढलेला असतो तो खालचा खुंट, रुपयाएवढी पांढरी पाच पाकळ्यांची फुलं. म्हणून बुंध्याचा, जमिनीलगतचा फोटो हवाच.

आणि ऑक्टोबरात बाकीच्या गुलाबांबरोबर या घोसाच्या वेलांची छाटणी करू नका, प्लीज. हे वर्षातून एकदाच फुलतात, तेही मागच्या वर्षीच्या फांद्यांवर, त्या कापल्या की वर्षभर फूल नाही आणि ओळखही नाही. छाटायचं तर फुलं सरल्यावर.

आम्ही ओळखायचे पैसे घेत नाही, पण खात्री नसेल तर नावही देत नाही, "काहीतरी सांगा की" म्हणून कितीही आग्रह केला तरी. चुकीचं नाव एकदा चिकटलं की पुढे दहा घरी तेच जातं.

तर येताना पानांसकट हातभर फांदी ओल्या कागदात गुंडाळून आणा, सोबत फूल, आणि मोबाइलमध्ये अख्ख्या वेलाचा फोटो. त्याच फांदीच्या कांड्या आम्ही लावून ठेवतो, हे गुलाब कांडीवर चांगले धरतात. रोप तयार झालं की माफक दरात तुम्हालाच आधी विचारतो, म्हणजे उद्या भिंत पाडली तरी आजींचा वेल राहील.