1780 सालाचे नाणे, पण 1780 चे नव्हे

जुनी युरोपीय नाणी जमवायला लागलेल्या माणसाच्या हाती एक मोठे, जाडजूड चांदीचे नाणे हमखास येते. एका बाजूला डोक्यावरून ओढणी घेतलेली, भरल्या अंगाची राणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि त्याच्याभोवती 1780 हे साल. विकणारा म्हणतो, "अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे." असेलही. पण ते गेल्या वर्षी व्हिएन्नात पाडलेले असण्याची शक्यताही तितकीच आहे, आणि तरीही ते खोटे नाही.

हा ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचा थालर. राणी 29 नोव्हेंबर 1780 रोजी वारली. एव्हाना तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनच्या कॉफीच्या व्यापारात आणि इथिओपियाच्या बाजारांत लोकांचा या नाण्यावर इतका विश्वास बसला होता, की दुसरा चेहरा ते स्वीकारायला तयार नव्हते. मग टांकसाळींनी साल गोठवले आणि तेच नाणे पाडत राहिल्या. खुद्द ऑस्ट्रियात 1858 साली ते चलनातून बाद झाले, परदेशी व्यापारासाठी मात्र चालू राहिले. 1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियावरच्या स्वारीसाठी ऑस्ट्रियाकडून त्याचे ठसे मिळवले आणि रोममध्ये थालर पडू लागले. ब्रिटिश व्यापाऱ्यांनाही तेच नाणे हवे होते, म्हणून पुढच्याच वर्षी लंडनने सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ते काम आपल्या मुंबईच्या टांकसाळीकडेही आले. फोर्टातल्या त्या इमारतीत ऑस्ट्रियाच्या राणीची नाणी पडली, हे मला या नाण्याच्या कहाणीतले सर्वांत विलक्षण पान वाटते.

तेव्हा सालावरून वय कळत नाही. ते इतर खुणांवरून काढावे लागते, आणि त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. राणीच्या दंडाखाली बहुतेक नाण्यांवर एस आणि एफ ही रोमन अक्षरे दिसतील. आजच्या बव्हेरियातल्या ग्युन्झबुर्ग टांकसाळीतल्या शोबल आणि फाबी या दोन अधिकाऱ्यांची ही आद्याक्षरे. ती टांकसाळ 1805 मध्ये बंद पडली, पण अक्षरे पुढच्या सगळ्या टांकसाळींनी जशीच्या तशी उचलली. म्हणजे ही अक्षरे दिसली म्हणून नाणे ग्युन्झबुर्गचे ठरत नाही. मग पाहायचे खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती, गरुडाच्या शेपटीतली पिसे, अक्षरांमधले ठिपके. ठसे वेळोवेळी नव्याने कोरले जात, त्यामुळे हे बारकावे थोडे थोडे बदलत गेले. अभ्यासकांनी त्यांवरून टांकसाळ आणि काळ ठरवणाऱ्या याद्या केल्या आहेत. कडही पाहायला विसरू नये. तिच्यावर राणीचे ब्रीद उठावात असते: 'न्याय आणि दया', लॅटिनमध्ये. चांदी तासून चोरणाऱ्यांना ही कड अडवत असे. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर बहुधा हीच अक्षरे आधी बोथट होतात, कधी कधी कडेभोवती जोडाची रेषही दिसते.

आता धातू. खऱ्या थालरचे वजन 28.07 ग्रॅम. त्यात सहा भागांत पाच भाग चांदी आणि एक भाग तांबे, म्हणजे शुद्ध चांदी 23.39 ग्रॅम. चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला 10.49 ग्रॅम आणि तांब्याची 8.96, त्यावरून या मिश्रधातूची घनता सुमारे 10.2 येते. ही घरी तपासता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असे पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा साधारण 2.75 दाखवेल. नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे हे वजन. 28.07 ला 2.75 ने भागले, की 10.2. नाणे चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेचे असेल, तर त्याच आकाराला वजन साडेतेवीस ग्रॅमच्या आसपासच भरेल, किंवा वजन जुळवायला ते जाड केलेले असेल. एक काळजी घ्या: राणीच्या केसांच्या खोबणींत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता खोटी कमी दाखवतात. नाणे पाण्यात हळूच हलवून ते सोडवावेत. शिसे आणि इतर धातू हिशेबाने मिसळून कोणी ही घनताही साधू शकतो, म्हणून महागडे नाणे घेताना क्ष-किरणांनी धातू तपासून घेणे शहाणपणाचे. चुंबकाला चिकटले, तर मात्र पुढे तपासायची गरजच नाही.

किंमत काढायची सुरुवात चांदीपासून होते. 23.39 ला त्या दिवसाच्या प्रति ग्रॅम भावाने गुणा. विसाव्या शतकातले सर्रास आढळणारे थालर या आकड्याच्या थोडे वर विकले जातात. त्यापलीकडची किंमत दुर्मीळपणा आणि अवस्था ठरवते. राणीच्या हयातीत पडलेले किंवा कमी नाणी पाडलेल्या टांकसाळीचे नाणे कितीतरी पट जास्त मिळवून देते. झीज आधी उंच भागांवर दिसते: कानावरचे केस, खांदा, गरुडाची छाती. आपल्याकडे पुतळ्यांची माळ करतात, तसे येमेन आणि इथिओपियात थालरला कडी लावून गळ्यात घालत. कडी झाळल्याचा डाग किंवा बुजवलेले भोक असेल, तर संग्राहकाच्या लेखी भाव बराच घसरतो. आणि विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे. तसेच नाणे लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले, ते पाहावे.

घरात आलेले काळपट नाणे रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासून लख्ख करायचा मोह होतो. कृपा करून तसे करू नका. तो काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर धरलेला सिल्व्हर सल्फाइडचा थर. तो फार पातळ असतो तेव्हा त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून निळे, जांभळे, सोनेरी रंग दिसतात. अशा रंगांसाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. त्याखाली आणखी नाजूक गोष्ट असते. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली फिरवले की झळाळीचे पट्टे गोल फिरतात, ते या रेषांमुळे. एकदा घासले की या रेषा गेल्या, आणि त्या परत आणायचा कोणताही उपाय नाही. माती चिकटली असेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून न घासता टिपून घ्या. पीव्हीसीच्या मऊ पिशव्याही टाळा, त्यांतून सुटणारी रसायने नाण्यावर हिरवट चिकट थर आणतात. कागदी पाकीट बरे, आणि त्यावर वजन, घनता, कुठून आणि कितीला घेतले, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे.