शग्वानस

शग्वानस : त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन देशातील सर्वांत मोठी नगरपालिका व गजबजलेली बाजारपेठ. लोकसंख्या ८३,५१६ (२०११). हे शहर त्रिनिदाद बेटाच्या मध्य-पश्चिम भागात, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेस सुमारे १८ किमी.वर, कारोनीच्या सपाट मैदानात वसले आहे.

या मैदानाला आजचे रूप उसाने दिले. १८४५ ते १९१७ या काळात १,४०,००० हून अधिक भारतीय करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांत कामासाठी त्रिनिदादला आणले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधून, कलकत्ता बंदरामार्गे गेले. करार संपल्यावर अनेकांनी जमिनीचे तुकडे घेऊन भात आणि भाजीपाला लावला. बाजारात बोदीच्या (चवळीच्या प्रकारातल्या लांब) शेंगा, भेंडी, वांगी, कारली आणि अळूची पाने दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे. नोबेल पारितोषिक विजेते लेखक व्ही. एस. नायपॉल यांचा जन्म १९३२ मध्ये येथेच झाला. १९२६ साली बांधलेले त्यांच्या आजोळचे ‘लायन हाऊस’ मुख्य रस्त्यावर अजून उभे आहे. जवळच्या फेलिसिटी गावाची दिवाळीतील रोषणाई पाहायला देशभरातून लोक येतात.

शहराच्या वायव्येस, पारियाच्या आखाताला लागून सुमारे ५,६०० हेक्टरांची कारोनी दलदल पसरली आहे. खारफुटीच्या मुळांना चिकटलेली कालवे, चिखलातले खेकडे आणि माशांची पिल्ले यांचे हे घर. शग्वानसचे वर्णन या दलदलीवाचून अपुरेच राहते, कारण मैदानातले पाणी अखेर इथेच उतरते आणि शेतांतली रसायनेही त्यासोबत येतात. स्कार्लेट आयबिस हा शराटीच्या कुळातला राष्ट्रीय पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास थव्यांनी इथे मुक्कामाला येतो. त्याचा भडक लाल रंग खेकडे-कोळंबीसारख्या भक्ष्यातल्या रंगद्रव्यांतून येतो. पिल्ले मात्र करडी-तपकिरी असतात. २००५ पासून ही दलदल रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तरीही मांसासाठी चोरटी शिकार चालूच राहिली, म्हणून २०१८ मध्ये या पक्ष्याला विशेष संरक्षण देऊन दंड खूप वाढवण्यात आला. हे पाऊल आवश्यकच होते.

सरकारी साखर कंपनीने २००३ मध्ये सुमारे ९,००० कामगार कमी केले आणि उसाचे युग ओसरले. काही जुन्या ऊसशेतांवर आता घरे उभी आहेत. ऑक्टोबर २०१८ च्या अतिवृष्टीत कारोनी नदीने काठ सोडले आणि मैदानातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या.