वैयक्तिकृत फेडरेटेड लर्निंग

वैयक्तिकृत फेडरेटेड लर्निंग ही मशीन लर्निंगची अशी पद्धत आहे, जिच्यात अनेक उपकरणे किंवा संस्था आपापला डेटा स्वतःकडेच ठेवून एकत्र शिकतात, पण प्रत्येकाच्या हाती मात्र त्याच्या डेटाला जुळणारे वेगळे मॉडेल येते. शिकणाऱ्या प्रत्येक घटकाला क्लायंट म्हणतात, मग तो मोबाइल असो वा रुग्णालय.

मूळ फेडरेटेड लर्निंगमध्ये सर्वांसाठी एकच मॉडेल असते. ब्रेंडन मॅकमॅहन आणि गूगलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलेल्या ‘फेडरेटेड अ‍ॅव्हरेजिंग’मध्ये सर्व्हर काही क्लायंटना मॉडेल पाठवतो, ते आपल्या डेटावर त्याला थोडे शिकवतात आणि बदललेले पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमधले शिकलेले आकडे, परत धाडतात. सर्व्हर त्यांची सरासरी काढून नवे सामाईक मॉडेल बनवतो. ज्याच्याकडे डेटा जास्त, त्याला सरासरीत वजन जास्त.

डेटा एकसारखा नसला की अडचण सुरू होते, आणि ती एकाच प्रकारची नसते. दोन रुग्णालयांची एक्स-रे यंत्रे निराळी असतील, तर आजार तोच असूनही प्रतिमा वेगळ्या दिसतात. याहून अवघड प्रसंग म्हणजे प्रश्न एकच आणि बरोबर उत्तरे दोन: एकाच छायाचित्राला एक जण ‘आवडले’ म्हणतो, दुसरा ‘नाही’. इथे कोणतेही एकच मॉडेल दोघांनाही बरोबर उत्तर देऊ शकत नाही. ‘फेडप्रॉक्स’ किंवा ‘स्कॅफोल्ड’सारख्या पद्धती क्लायंट मॉडेलला आपापल्या डेटाकडे खेचतात ती ओढाताण आवरतात, प्रशिक्षण स्थिर करतात, पण त्यांच्याही शेवटी मॉडेल एकच उरते. वैयक्तिकीकरणाची खरी गरज इथेच कळते.

मग सामाईक काय ठेवायचे आणि खासगी काय? सर्वांत साधा मार्ग म्हणजे तयार झालेले सामाईक मॉडेल प्रत्येकाने आपल्या डेटावर आणखी थोडे शिकवणे. साधेपणामुळे त्याला कमी लेखू नये. पुष्कळदा तो नव्या पद्धतींना चांगलीच टक्कर देतो. २०२० सालच्या ‘पर-फेडअ‍ॅव्हग’मध्ये सुरुवातीचे मॉडेलच असे घडवतात, की एक-दोन पावलांत ते कुणाच्याही डेटाशी जुळवून घेईल. ‘फेडपर’ व ‘फेडरेप’ न्यूरल नेटवर्कचे, म्हणजे थराथरांनी बनलेल्या मॉडेलचे, खालचे थर सामाईक ठेवतात, निर्णय देणारा वरचा भाग क्लायंटकडेच राहतो. यंत्रांमुळे प्रतिमा बदलत असतील, तर ‘फेडबीएन’प्रमाणे फक्त बॅच नॉर्मलायझेशनचे (आतून जाणाऱ्या आकड्यांची पातळी एकसारखी करणारे) थर खासगी ठेवणे सयुक्तिक ठरते. ‘डिट्टो’मध्ये (२०२१) प्रत्येकाचे मॉडेल सामाईक मॉडेलपासून दूर गेले की दंड बसतो, म्हणजे प्रशिक्षणात त्याची चूक तेवढी जास्त धरली जाते. दंड शून्य केला तर क्लायंट एकटाच शिकतो, खूप वाढवला तर सगळे पुन्हा एका मॉडेलपाशी येतात. समान स्वभावाच्या क्लायंटचे गट पाडून गटागणिक मॉडेल घडवण्याचाही मार्ग आहे.

खासगी भाग उपकरणाबाहेर जात नसला, तरी पाठवलेल्या पॅरामीटरवरून मूळ डेटाचा माग काढण्याचा धोका उरतोच. त्यासाठी सुरक्षित बेरीज (सर्व्हरला एकेकाचे आकडे न दिसता फक्त बेरीज दिसणे), डिफरन्शियल प्रायव्हसी (आकड्यांत मोजूनमापून गोंगाट मिसळणे) असे वेगळे उपाय करावे लागतात.

मूल्यमापन करताना नुसती सरासरी अचूकता पाहणे पुरेसे नाही. तिच्याआड सर्वांत कमी डेटा असलेले क्लायंट दडून जातात. प्रत्येक क्लायंटच्या मॉडेलची तुलना सामाईक मॉडेलशी करावीच, शिवाय तो एकट्याने शिकला असता तर काय मिळाले असते याच्याशीही करावी. एकत्र येऊन ज्याचे नुकसान झाले, असा क्लायंट याच तुलनेत दिसतो.