विटेआधीचा धूर: इमारतींच्या पर्यावरणीय मूल्यमापनाची पार्श्वभूमी

इमारतीत पहिला दिवा लागण्याआधीच तिच्या नावावर बरेच प्रदूषण जमा झालेले असते. चुनखडी भाजून सिमेंट झालेले असते, लोखंड वितळून सळ्या झालेल्या असतात, विटा भट्टीतून निघालेल्या असतात. आज हे सगळे ‘एम्बॉडिड कार्बन’ या नावाने मोजले जाते आणि काही देशांत कायद्याने मोजावेच लागते. इथवर यायला अर्धशतक गेले. या काळात मोजण्याची साधने सुधारली हे खरेच, पण खरा वाद सतत एकाच प्रश्नावर झाला: हिशेब कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबवायचा?

या पद्धतीचा उगम बांधकामात नाही. 1969 साली कोका-कोला कंपनीने अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून पेयांच्या बाटल्या आणि डब्यांचा अभ्यास करून घेतला. कच्चा माल जमिनीतून काढल्यापासून रिकामी बाटली फेकली जाईपर्यंत किती ऊर्जा लागते, किती कचरा होतो, याची ती मोजणी होती. त्या काळची मोठी चिंता कचऱ्याची होती, हवामानाची नव्हे.

1973 च्या तेलसंकटाने चिंता बदलली. ऊर्जा हेच माप झाले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये अभ्यासक एकत्र बसले आणि ऊर्जेचा हिशेब कसा मांडायचा याचे नियम ठरवू लागले. 1976 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठ आणि रिचर्ड स्टाइन यांच्या वास्तुरचना कार्यालयाने मिळून बांधकामात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा अभ्यास मांडला. कोणता उद्योग कोणाकडून किती रुपया-डॉलरचा माल घेतो, याची राष्ट्रीय कोष्टके त्यांनी वापरली आणि पैशांचे प्रवाह ऊर्जेत बदलले. ही रीत ढोबळ खरी, पण तिचा एक गुण मला आजही मोलाचा वाटतो: तिच्या जाळ्यातून फारसे काही निसटत नाही. कारखान्याच्या दारात मीटर लावून मोजणारी दुसरी रीत नेमकी असते. मात्र त्या कारखान्याला यंत्रे पुरवणारा कारखाना, त्याला पोलाद पुरवणारा कारखाना असे मागे मागे जाताना कुठेतरी थांबावेच लागते, आणि थांबले की आकडा कमी दिसतो.

तरीही पुढची दोन दशके बांधकामसाहित्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. तेव्हाच्या इमारतींना तापवायला, थंड करायला, उजळायला इतकी ऊर्जा लागे की साहित्याचा वाटा त्यापुढे किरकोळ भासे. भिंतींना उष्णतारोधक थर, दुहेरी काचा, घट्ट बसणाऱ्या खिडक्या यांवरच सगळा भर राहिला. 1990 मध्ये ब्रिटनमध्ये ‘ब्रीम’ ही गुणांकन पद्धत आली, दशकाच्या शेवटी अमेरिकेची ‘लीड’ आली. या पद्धतींनी हरित इमारत ही कल्पना बाजारात रुजवली, हे त्यांचे मोठे काम. साहित्याच्या बाबतीत मात्र लीडच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सोप्या खुणांवर विसंबल्या: पुनर्वापरातला माल किती टक्के, माल 500 मैलांच्या आतला आहे का. जवळून आलेली वस्तूही भरपूर कोळसा जाळून बनलेली असू शकते. अंतर मोजून ते कळत नाही.

गंमत अशी की इमारतींचा वीजवापर आणि इंधनवापर जसा कमी होत गेला, तसा साहित्याचा वाटा आपोआप वर आला. 2007 साली सार्तोरी आणि हेस्टनेस या संशोधकांनी नऊ देशांतल्या 60 उदाहरणांचा आढावा घेतला. नेहमीच्या इमारतींत साहित्यातली ऊर्जा आयुष्यभराच्या एकूण ऊर्जेच्या 2 ते 38 टक्के निघाली, कमी ऊर्जा वापरणाऱ्या इमारतींत 9 ते 46 टक्के.

मधल्या काळात पद्धतीला शिस्त लागत होती. 1990 च्या सुमारास ‘लाइफ सायकल असेसमेंट’, म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन, हे नाव पक्के झाले. 1997 मध्ये आयएसओ 14040 हे आंतरराष्ट्रीय मानक आले, 2006 मध्ये ते सुधारले गेले. त्यातला बांधकामाला सर्वांत उपयोगी पडलेला नियम म्हणजे तुलना वस्तूच्या कामावरून करणे. एक किलो ॲल्युमिनियम आणि एक किलो लाकूड यांची तुलना निरर्थक आहे. तेवढाच भार पेलणारी, तेवढीच टिकणारी एक चौरस मीटर भिंत दोन्हींनी बांधली तर काय होते, हा खरा प्रश्न.

त्याच सुमारास मोजमापच बदलले. ऊर्जेऐवजी कार्बन मोजला जाऊ लागला आणि साहित्याची क्रमवारी हलली. सिमेंटचे उदाहरण घ्या. चुनखडी भाजली की तिच्या वजनाच्या सुमारे 44 टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. भट्टी कशावरही पेटवा, हा वायू निघणारच, कारण तो इंधनातून नव्हे, दगडातून येतो. सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग असा आहे आणि ऊर्जेच्या जुन्या कोष्टकांत तो दिसतच नव्हता. ॲल्युमिनियमचे याउलट. तितकीच वीज लागली, तरी ती धरणावरची की कोळशावरची यावर कार्बनचा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. ब्रिटनमध्ये बाथ विद्यापीठाच्या हॅमंड आणि जोन्स यांनी शेकडो साहित्यांचे ऊर्जा व कार्बनचे आकडे एकत्र करून खुले केले, तेव्हा सामान्य अभियंत्यालाही हा हिशेब हाताशी आला.

मग उत्पादकांनी स्वतःचे आकडे जाहीर करायची वेळ आली. अशा जाहीरनाम्यांना ईपीडी म्हणतात. युरोपात 2012 साली त्यांच्यासाठी ईएन 15804 हे मानक आले. त्याने वस्तूचे आयुष्य टप्प्यांत वाटले: ए म्हणजे उत्पादन ते उभारणी, बी म्हणजे वापर, सी म्हणजे पाडकाम व विल्हेवाट, आणि डी म्हणजे त्यानंतर पुनर्वापरातून होणारा लाभ. पण सक्ती होती फक्त ए टप्प्यातल्या पहिल्या तीन उपटप्प्यांची, म्हणजे कारखान्याच्या दारापर्यंत. या सवलतीने लाकडाचे चित्र फार गोड झाले. झाडाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बन वजा धरला की दारापर्यंतचा आकडा शून्याच्याही खाली जातो. तेच लाकूड पुढे कुजले किंवा जळले की तो कार्बन परत हवेत येतो, पण तो टप्पा पानावर नसेल तर वाचणाऱ्याला कळणार कसे? पोलादाचा आग्रह उलट्या बाजूचा होता. आमची सळई वितळवून पुन्हा वापरता येते, तर त्याचे श्रेय आजच द्या, असे पोलाद उद्योग म्हणे. आज भंगारातून पोलाद करणाऱ्याला श्रेय आणि उद्या भंगार होणाऱ्या पोलादालाही श्रेय दिले, तर एकच बचत दोनदा मोजली जाते. म्हणून डी टप्पा वेगळा दाखवायचा, बेरजेत मिसळायचा नाही, हा नियम मला या साऱ्या मानकांतला सर्वांत प्रामाणिक नियम वाटतो. 2019 च्या दुरुस्तीने बहुतेक वस्तूंना सी आणि डी हे दोन्ही टप्पे दाखवणे बंधनकारक केले.

कायद्यात पहिले ठोस पाऊल नेदरलँड्सने टाकले. तिथे 2013 पासून नवी घरे व कार्यालये यांच्या साहित्याची गणना सक्तीची झाली आणि 2018 पासून तिला कमाल मर्यादा आली. 2022 मध्ये फ्रान्स आणि स्वीडनचे नियम लागू झाले, 2023 मध्ये डेन्मार्कचे. हे नियम सारखे नाहीत. स्वीडन फक्त इमारत उभी राहीपर्यंतचे उत्सर्जन जाहीर करायला सांगते. डेन्मार्कने 50 वर्षांचा हिशेब मागितला आणि 2023 मध्ये 1,000 चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना दर चौरस मीटरमागे वर्षाला 12 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन ही मर्यादा घातली. फ्रान्सच्या गणितात उशिरा होणाऱ्या उत्सर्जनाला कमी वजन आहे, त्यामुळे कार्बन दीर्घकाळ साठवणाऱ्या लाकडाला फायदा होतो, आणि काँक्रीट उद्योगाने यावर जोरदार आक्षेप घेतला.

माझा कल स्वीडनच्या बाजूला आहे. 50 वर्षांनी भागले की बांधकामाच्या दोन वर्षांत झालेले उत्सर्जन वर्षाला थोडेथोडे झाल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते सगळे आधीच हवेत गेलेले असते. पण स्वीडनच्या रीतीत लवकर बदलावे लागणाऱ्या हलक्या साहित्याचा पुढचा हिशेब सुटून जातो, हेही खरे. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशानुसार 2028 पासून 1,000 चौरस मीटरवरच्या आणि 2030 पासून सर्वच नव्या इमारतींचा संपूर्ण जीवनचक्रातला कार्बन मोजून जाहीर करावा लागणार आहे.