काजूबिया, चिंचोके आणि शेजार

म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी मानल्या जातात. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, हिंदूही रांगेत उभे असतात. गोव्यातल्या सलोख्याचा विषय निघाला की हा दाखला हमखास दिला जातो, आणि तो खराच आहे. पण फेस्त एका दिवसाचे, शेजार बारा महिन्यांचा. ‘आम्हांला कुणाचे वावडे नाही, फक्त आजूबाजूला आपली चार माणसे असली म्हणजे बरे’ या निरुपद्रवी इच्छेतून वस्ती कशी फाटत जाते, ते अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये मांडले. त्यांनी नाणी वापरली. आपल्याकडे काजूबिया आणि चिंचोके चालतील.

बुद्धिबळाचा पट घ्या. चारही कोपरे मोकळे सोडून काळ्या घरांत ३० काजूबिया आणि पांढऱ्या घरांत ३० चिंचोके मांडा. तिरपी घरे धरून प्रत्येकाला जास्तीत जास्त आठ शेजारी. नियम असा: एकच शेजारी असेल तर तो आपला हवा, दोन असतील तर एक आपला, तीन ते पाच असतील तर दोन, सहा ते आठ असतील तर तीन. म्हणजे आठांत पाच परके असले तरी तक्रार नाही. बऱ्याच खऱ्या माणसांपेक्षा ही बी दिलदार आहे! मोजून पाहा, या मांडणीत एकही बी नाराज नाही.

आता डोळे मिटून २० दाणे उचला. मग पाच मोकळ्या घरांत एकेक दाणा टाका. काजू की चिंचोका, ते नाणे उडवून ठरवा. पटावर ४५ दाणे राहिले. जो नाराज असेल त्याला जवळच्या, त्याचे समाधान होईल अशा रिकाम्या घरात हलवा. एका वेळी एकच दाणा. सगळ्यांना एकदम उचलले तर दोघे एकाच घरावर हक्क सांगतात आणि हिशेब बिघडतो. दाणे फार कमी काढले तर हलायला जागाच उरत नाही. अट फार कडक केली, आठांत सहा आपलेच हवेत म्हटले, तर पुष्कळदा कुणीच स्थिरावत नाही, नुसती पळापळ चालते.

अट मूळचीच ठेवली तर पट शांत होतो, पण तोवर बहुधा काजूचा एक वाडा आणि चिंचोक्यांचा दुसरा झालेला असतो.

कारण साधे आहे. एक काजू उठून गेला की मागे राहिलेल्या काजूंचा एक आपला माणूस कमी होतो. तो जिथे बसतो तिथल्या चिंचोक्यांना एक परका वाढतो. त्यांतला एखादा काठावर असेल तर तोही उठतो. दुसरी गोष्ट सहसा नजरेतून निसटते: आठही शेजारी आपलेच असलेला दाणा पूर्ण समाधानी असतो. परक्याला सोसण्याची तयारी नियमात आहे, परका नसल्याची खंत मात्र कुठेच नाही. ती घालून पाहा: ‘सगळे शेजारी आपलेच असतील तर मीही हलणार.’ गठ्ठे सैल होऊ लागतात.

पटावर एक खोट आहेच. इथे मोकळे घर कुणालाही मिळते. खऱ्या शहरात भाडे परवडावे लागते, आणि मालक आडनाव किंवा मासळी विचारून दार लावू शकतो. तिथे भाडेकरूच्या दिलदारपणाचा उपयोग शून्य. सगळ्यांना सामावून घ्यायचे तर न घेणाऱ्यालाही सामावून घ्यायचे का, हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये मांडलेला पेच इथे तत्त्वज्ञानाचा राहत नाही, भाडेकराराचा होतो.

सिंगापूरने १९८९ मध्ये पटाचा नियमच बदलला. तिथे बहुसंख्य लोक सरकारी गृहमंडळाच्या इमारतींत राहतात. प्रत्येक इमारतीत आणि परिसरात कुठल्या वंशगटाची किती घरे असावीत याची कमाल मर्यादा ठरली. मलय कुटुंबांसाठी ती परिसरात २२ टक्के आणि इमारतीत २५ टक्के. सरमिसळ टिकली, पण भार सारखा वाटला गेला नाही. चिनी गटाची मर्यादा भरलेल्या इमारतीत मलय किंवा भारतीय मालकाला आपले घर चिनी खरेदीदाराला विकता येत नाही. चिनी बहुसंख्य, म्हणजे बाजारातले बरेचसे गिऱ्हाईकच बाद. उरलेल्या थोड्यांना ही अडचण ठाऊक असते आणि ते भाव पाडून मागतात.