पैलवानाचं एचडीएल कुठं गेलं?

"मामा, लॅबवाल्याचंच काहीतरी चुकलंय बघा," म्हणत माझा भाचा रिपोर्ट घेऊन आला. वय २४, लातुरात पोलीस भरतीची तयारी, अंगावर चरबी नावालाही नाही. आणि एचडीएल १९. रक्तवाहिन्यांतलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे हे कण. पुरुषात हा आकडा निदान ४० तरी हवा.

लॅब चुकली नव्हती. जिममधल्या कुणीतरी दिलेल्या 'ताकदीच्या गोळ्या' तो चार महिने घेत होता. पाकिटावर नाव होतं स्टॅनोझोलॉल, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या घराण्यातलं औषध.

टेस्टोस्टेरॉन आणि कोलेस्टेरॉल एकाच घरातले. वृषणात कोलेस्टेरॉलपासूनच टेस्टोस्टेरॉन बनतं. रुझिका आणि ब्युटेनांट यांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेतही ते कोलेस्टेरॉलपासूनच घडवलं. पण गोष्ट तिथं थांबत नाही. त्यातल्या थोड्या टेस्टोस्टेरॉनचं अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम पुढं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं समजलं जाणारं हार्मोन, करतं. पुरुषाच्या अंगात इस्ट्रोजेन असतं म्हटलं की तालमीत हशा पिकतो. पण रक्तवाहिन्यांची राखण करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे रिसेप्टर ते यकृतावर वाढवतं. टेस्टोस्टेरॉन मात्र यकृतातलं लायपेज हे चरबी तोडणारं एन्झाइम वाढवतं आणि ते एन्झाइम एचडीएल मोडतं. जन्मतः अ‍ॅरोमॅटेज नसलेले पुरुष जगात मोजकेच सापडले आहेत. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही त्यांच्यात एलडीएल जास्त आणि एचडीएल कमी आढळलं.

आता भाच्याच्या गोळीकडे या. स्टॅनोझोलॉल टेस्टोस्टेरॉनच्याच भाऊबंदांतलं, पण अ‍ॅरोमॅटेजला त्याचं इस्ट्रोजेन करता येत नाही. शिवाय पोटातून घेतल्यामुळं ते आधी थेट यकृतावरच जातं. म्हणजे मोडणारा हात जोरात, सावरणारा हात बांधलेला. अमेरिकेत १९८९ साली ११ वेटलिफ्टरांवर याची चाचणी झाली. सहा आठवडे रोज ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉल घेतल्यावर एचडीएल ३३ टक्के घसरलं, एलडीएल २९ टक्के वाढलं. त्याच मंडळींना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं तेव्हा एचडीएल फक्त ९ टक्के उतरलं आणि एलडीएल उलट १६ टक्के कमी झालं. म्हणून इंजेक्शन बरं, असं मात्र कुणी समजू नये. त्याची वेगळी दुखणी आहेत.

मग पुरुषांना इस्ट्रोजेनच द्यावं का? तेही करून झालंय. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना १९६०च्या दशकात अमेरिकेत इस्ट्रोजेन देऊन पाहिलं. जास्त डोस घेणाऱ्यांना पुन्हा अ‍ॅटॅक अधिक येऊ लागले, रक्ताच्या गुठळ्याही झाल्या, आणि १९७० मध्ये तो डोस बंद करावा लागला.

चाळिशीपुढच्या पोटवाल्यांचं गणित निराळं. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन कमी, एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जास्त, असं त्रिकूट अनेकदा दिसतं. तिथं मूळ दुखणं बहुधा पोटाचा घेर आणि साखर. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपसूक थोडं चढतं. त्यासाठी सुई लागत नाही.

भाच्यानं गोळ्या सोडल्या, थोडी कुरकुर करूनच. बाहेरून हार्मोन येतं म्हटल्यावर मेंदू वृषणांना हुकूम देणं कमी करतो, त्यामुळं त्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉनही तळाला गेलं होतं. हे ऐकल्यावर मात्र तो गप्प झाला. तीन महिन्यांनी एचडीएल ३७ आलं. या वेळी लॅबवाल्याला त्यानं काही बोल लावला नाही.